पप्पांनी परत पाठवलेला मासा

आईवडिलांसाठी आपण काहीतरी केलं पाहिजे, असा झटका परदेशात राहणाऱ्या मुलांना साधारण दर दोन वर्षांनी येतो. मला तो गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आला. आई आणि पप्पा वसईहून तीन महिन्यांसाठी ऑस्ट्रेलियात आमच्याकडे क्लेटनला आले होते. पहिल्या पंधरा दिवसांत मी त्यांना जे ऑस्ट्रेलिया दाखवलं त्यात आमचं घर, घरामागचं कपडे वाळत घालायचं अंगण, माझ्या मुलीचा स्विमिंगचा क्लास आणि डँडेनॉन्गमधली इंडियन दुकानं एवढंच होतं. अर्धं जग ओलांडून आलेल्या आईने तिथल्या एका साड्यांच्या दुकानात उभं राहून मला शांतपणे विचारलं, की हे विरारच्या दुकानापेक्षा वेगळं कसं. मला सांगता येईना.

म्हणून बेंडिगो ठरलं. बेंडिगो हे आमच्यापासून दोन तासांवरचं ऐतिहासिक शहर. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी तिथे सोनं सापडलं, माणसं लोटली, आणि त्या सोन्यातून मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या. आता सोनं संपलंय, इमारती आहेत, आणि त्यांच्यात कॉफी मिळते. माझ्या नवऱ्याने सांगितलं, दोन दिवस जाऊ, अगदी आरामात. त्याच्या आरामाचं वेळापत्रक त्याने फोनमध्ये केलं होतं आणि त्यात सकाळी सव्वानऊपासून आराम सुरू होत होता.

जेवणाची जबाबदारी मी घेतली होती, कारण माझ्या डोक्यात एक थोर विचार होता. पप्पांनी मुंबईतल्या एका बड्या हॉटेलात अडतीस वर्षं लोकांना जेवायला वाढलं. वेटर म्हणून लागले, कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. कॅप्टन म्हणजे डायनिंग हॉलमधला, काळा कोट घालून टेबलाशी उभा राहून ऑर्डर घेणारा आणि बाकीच्या वेटरांवर नजर ठेवणारा. नाताळ, ईस्टर, एकतीस डिसेंबर, सगळे रविवार, म्हणजे जगाच्या सुट्टीचे जे जे दिवस ते पप्पांच्या कामाचे. आम्ही तिघं कधी एखाद्या चांगल्या हॉटेलात टेबलाभोवती बसून जेवलोय, असं माझ्या लहानपणी एकदाही घडलं नाही. तेव्हा आता दोन दिवस माझे वडील बसतील आणि दुसरे त्यांना वाढतील, असं मी ठरवलं. या विचाराने मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं, की जाताना गाडीत मी तो दोनदा बोलून दाखवला. पप्पा दोन्ही वेळा "बरं" म्हणाले. आई खिडकीतून मेंढ्या बघत होती. माझी अकरा वर्षांची मुलगी कानात हेडफोन घालून बसली होती, म्हणजे घरातली सगळ्यात शहाणी व्यक्ती तीच.

पहिला थांबा एका जुन्या दगडी इमारतीतल्या कॅफेत. पप्पांनी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, बूट चमकत होते. दारात ते थांबले. कोणीतरी येऊन टेबलापर्यंत नेईल याची वाट बघत होते. कोणी येत नव्हतं, कारण इथे कोणी येत नसतं. आपणच काउंटरवर जायचं, ऑर्डर द्यायची, मग ते आपल्याला काठीवर लावलेला एक नंबर देतात, तो घेऊन आपणच टेबल शोधायचं. पाणी कोपऱ्यात असतं, तेही आपणच आणायचं. मी नंबर पप्पांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"म्हणजे मी माझा नंबर घेऊन फिरायचं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, इथे असंच असतं. पप्पांनी नंबर टेबलाच्या बरोबर मध्यभागी ठेवला, काटे-सुऱ्या सरळ केल्या, आणि बसले.

कॉफी आली. आणणारा मनुष्य चाळिशीचा, दोन्ही हातांवर गोंदलेले साप, दाढी एवढी की चर्चमधल्या संताची आठवण होऊन आई त्याच्याकडे जरा प्रेमाने बघायला लागली. तो आला तो टेबलाशी उकिडवाच बसला आणि म्हणाला, हाऊ आर वी गोइंग, गाइज. पप्पांनी मागे वळून बघितलं, हे गाइज कोण म्हणून. मग त्यांनी कॉफीचा एक घोट घेतला, कप बशीत ठेवला आणि आयुष्यात मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं अशा आवाजात, अगदी स्वच्छ हॉटेलच्या इंग्रजीत सांगितलं, की ही कॉफी पुरेशी गरम नाही आणि ती परत न्यावी.

मला आधी वाटलं आपलं ऐकण्यात चुकलं. पप्पा हा आवाज न चढवणारा माणूस. वसईच्या बाजारात मासेवालीने शिळे बोंबील दिले तरी गुपचूप पिशवीत घेऊन येणारा. आई बोंबील उलटवून बघायची आणि परत द्यायला स्वतः जायची. तोच माणूस आता खुर्चीत मागे रेलून, हनुवटी वर करून त्या दाढीवाल्याकडे बघत होता.

दाढीवाला म्हणाला, नो वरीज. आणि कप घेऊन गेला. परत आला तेव्हा कॉफीतून वाफा येत होत्या. पप्पांनी ती प्यायली. मग टोस्ट आला. पप्पा म्हणाले, टोस्ट एका बाजूला जास्त भाजलाय. दाढीवाला म्हणाला, ओ या, फेअर इनफ, नो वरीज, आणि टोस्ट घेऊन गेला. नवरा मेनूकार्डाच्या मागे गेला. मुलीने हेडफोन काढला आणि म्हणाली, "दिस इज सो एम्बॅरसिंग." आईने तिचा स्वतःचा टोस्ट, एका बाजूला जास्त भाजलेला, पूर्ण खाल्ला आणि बोटाला लागलेलं लोणी चाटलं.

उठताना पप्पा नाराज दिसले. मी विचारलं, आता तरी कॉफी बरी होती का. ते म्हणाले, पहिलीही बरी होती.

पुढे आराम चालू राहिला. आम्ही जुन्या ट्रॅममध्ये बसलो. तिच्यात एक रेकॉर्ड केलेला आवाज डावीकडे बघा, उजवीकडे बघा असं सांगतो, आणि तीस-चाळीस माणसं शाळेतल्यासारखी डावीकडे, उजवीकडे बघतात. शहर खरोखर देखणं आहे. रुंद रस्ते, चौकात भलंमोठं कारंजं, बँकांच्या इमारती राजवाड्यासारख्या. सोनं खणणाऱ्यांपैकी कोणाला त्यात राहायला मिळालं का, हे मात्र तो आवाज सांगत नव्हता. मग आम्ही एका जुन्या खाणीत उतरलो. ज्या अंधारात माणसं पोटासाठी उतरत होती तिथे आम्ही सहलीसाठी उतरलो, डोक्यावर हेल्मेटं घालून आणि सेल्फी काढत. गाइडने दगड कसा फोडायचे, सुरुंग कसा लावायचे ते सांगितलं. शेवटी काही प्रश्न आहेत का विचारल्यावर पप्पांनी हात वर केला आणि विचारलं, की इतक्या माणसांना जेवण कोण देत होतं. गाइड जरा विचारात पडला. मग म्हणाला, घरून काहीतरी आणत असतील. पप्पांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

संध्याकाळी सहाला आम्ही एका पबमध्ये जेवायला गेलो. सहाला, कारण इथल्या गावांत आठला जेवायला जाणाऱ्याला किचन बंद झाल्याची पाटी जेवावी लागते. तिथे वाढायला एक पन्नाशीची बाई होती, कानाला पेन्सिल, पायांत स्पोर्ट्स शूज, आणि एका हातावर तीन प्लेटी. पप्पांनी त्या तीन प्लेटींकडे व्यावसायिक नजरेने बघितलं आणि मला वाटलं, चला, निवळले. पण तिने चिकन पार्मा, म्हणजे वर चीज घातलेलं तळलेलं चिकन, त्यांच्यासमोर ठेवताच त्यांनी प्लेटीच्या कडेवर बोट ठेवलं. कडेचा टवका उडाला होता. पप्पांनी तिला सांगितलं, की ज्या जागेला आपल्या नावाची काळजी आहे तिथे अशी प्लेट टेबलावर येत नाही.

बाईने वाकून टवका बघितला. मग म्हणाली, बिचारीने बरेच दिवस काढलेत, माझ्यासारखेच. आणि मनापासून हसली, पार्मा दुसऱ्या प्लेटीत घालून आणला, आणि जाताना पप्पांच्या खांद्यावर थोपटून "देअर यू गो, डार्ल" म्हणाली.

माझ्या सबंध आयुष्यात पप्पांच्या खांद्यावर परक्या बाईने थोपटलेलं मी पाहिलं नव्हतं, त्यांनीही पाहिलं नसावं. आईने त्यांच्या प्लेटीतले चार चिप्स उचलले तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मुक्कामाच्या जागी परतल्यावर नवऱ्याने मला हळूच विचारलं, की पप्पांना हा त्रास भारतात असतानाही होता का. त्याला म्हणायचं होतं, म्हातारपणाचं काही सुरू तर झालं नाही ना. मी चिडले, कारण मीही दुपारपासून तोच विचार करत होते.

रविवारी सकाळी आम्ही मिस्साला गेलो. बेंडिगोचं कॅथेड्रल एवढं उंच आहे, की त्यात आमच्या वसईची दोन चर्चं एकावर एक राहतील, आणि त्या रविवारी आत माणसं एवढी कमी होती की एका कोपऱ्यात बसून सगळ्यांना हाय करता आलं असतं. आईला ते फार लागलं. एवढं सुंदर चर्च आणि माणसं नाहीत, असं ती पायऱ्या उतरेपर्यंत म्हणत होती. तिथून आम्ही गावातल्या बागेत गेलो. बागेच्या झाडांवर शेकड्यांनी वटवाघळं लटकलेली असतात, हे आकर्षणही वेळापत्रकात होतं. नवरा, आई आणि मुलगी वर माना करून वटवाघळं बघायला गेले. मी पप्पांशेजारी बाकावर बसले, कारण मला त्यांना विचारायचं होतं, आणि वटवाघळांचा वासही येत होता.

मी सरळच विचारलं, की हे काय चाललंय. पप्पांनी बुटावरची धूळ झटकली. मग सांगायला लागले.

फार वर्षांपूर्वी एका रविवारी हॉटेलात एक शेठ जेवायला आला होता, घरच्या दहा-बारा माणसांना घेऊन. त्याच्या मुलीचा वाढदिवस होता. त्याने टोमॅटो सूप मागवलं आणि परत पाठवलं. थंड आहे म्हणाला. पप्पा गरम करून घेऊन गेले. आता जास्त गरम आहे. पुन्हा परत. मग आंबट आहे. मग दाट आहे. पाच वेळा. पाचव्यांदा शेफने सूपला हातही लावला नाही. पप्पा वाटी घेऊन पॅन्ट्रीत उभे राहिले, शंभरपर्यंत आकडे मोजले आणि तीच वाटी घेऊन परत गेले. शेठने चमचाभर चाखलं आणि म्हणाला, आता कसं. मग घरच्यांकडे वळून त्याने सांगितलं, की या लोकांना असंच शिकवावं लागतं. पप्पा त्याला थँक्यू सर म्हणाले.

"त्याची मुलगी पांढरा फ्रॉक घालून बसली होती," पप्पा म्हणाले. "तुझ्याएवढीच. त्या दिवशी तुझं फर्स्ट कम्युनियन होतं."

हे मला माहीत नव्हतं. म्हणजे कम्युनियनला, मुलींनी पांढरा फ्रॉक घालून चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र प्रसाद घ्यायच्या त्या मोठ्या दिवशी, पप्पा नव्हते हे चांगलं माहीत होतं. त्या दिवसाच्या फोटोत मी, आई, मावशी, फादर आणि केक आहोत, आणि त्या फोटोवरून मी पप्पांवर सुमारे वीस वर्षं रुसून होते. छंद म्हणून वाईट नव्हता, खर्चही काही नाही. त्या वेळी ते पॅन्ट्रीत आकडे मोजत होते, हे कोणी मला सांगितलं असतं तर मला दुसरा छंद शोधावा लागला असता.

पप्पा म्हणाले, त्या शेठचा त्यांना राग आला नव्हता. त्यांच्या लक्षात राहिला तो त्याचा चेहरा. पाचव्या वेळी तो इतका सुखावला होता, इतका भरल्यासारखा दिसत होता, की पप्पांना वाटलं, एवढं काय असतं त्यात. एकदा आपण त्या बाजूला बसून बघायला हवं. भारतात ते जमलं नसतं. तिथे समोर उभा राहणारा प्रत्येक वेटर त्यांना आपल्यातला वाटायचा. इथे कोण ओळखतंय.

"मग वाटलं का बरं?" मी विचारलं.

"कसलं बरं, बाय," पप्पा म्हणाले. "इथे कोणी वाकतच नाही."

मला हसू आलं आणि मी ते दाबलं, आणि मग दाबता आलं नाही. पप्पाही हसले. तो गोंदलेला मनुष्य उकिडवा बसला तेव्हाच त्यांना कळलं होतं म्हणे, की हे काही खरं नाही. खुर्चीत बसून त्याला वाकवता येईना, कारण तो आधीच खाली बसलेला. मी म्हटलं, चला, झालं आता, दुपारचं जेवण सुखाने जेवा. पप्पा म्हणाले, हो.

दुपारचं जेवण हा माझ्या थोर विचाराचा कळस होता. एके काळी घोड्यांची खोगिरं बनवायची जागा, आता तिथे बारा टेबलांचं रेस्टॉरंट होतं. पांढरे टेबलक्लॉथ, कापडी नॅपकिन, आणि मुख्य म्हणजे नंबराची काठी नाही. पप्पांना दारातून टेबलापर्यंत नेलं, खुर्ची ओढून दिली. त्यांनी नॅपकिन मांडीवर पसरला आणि ग्लास उजेडाकडे धरून बघितला. ग्लास स्वच्छ होता. सूप आलं, ते गरम होतं. मी सुटकेचा श्वास सोडला आणि मासा आला.

नदीतला मासा, वर कुरकुरीत साल, खाली बटाटा. पप्पांनी काट्याने एक तुकडा काढला, तोंडात घातला, आणि मी त्यांच्या डोळ्यांत बघूनच ओळखलं. त्यांनी वाढणाऱ्या बाईला बोलावलं आणि सांगितलं, की मासा काट्यापाशी कच्चा आहे.

मासा कच्चा नव्हता. माझ्या प्लेटीत तोच मासा होता आणि तो इतका नीट शिजला होता की मला आईसमोर कबूल करायला संकोच वाटत होता. मी पप्पांना मराठीत म्हटलं, तुम्ही बागेत हो म्हणालात. ते म्हणाले, हे शेवटचं.

बाई प्लेट घेऊन गेली आणि दोन मिनिटांनी किचनचं दार उघडून दुसरीच बाई बाहेर आली. साठीची असावी. केस आखूड, चष्मा डोक्यावर, ॲप्रनला हात पुसत, आणि एका हातात पप्पांची प्लेट. जागा तिचीच होती आणि स्वयंपाकही तीच करत होती. तिने शेजारच्या टेबलाची खुर्ची ओढली, आमच्यात येऊन बसली, प्लेट मध्ये ठेवली आणि पप्पांना म्हणाली, कुठे कच्चा आहे दाखवा.

पप्पांनी काट्याने दाखवलं. तिने चष्मा डोळ्यांवर घेतला, दाखवल्या जागेचा तुकडा स्वतः खाल्ला, नीट चावला. मग म्हणाली, मासा शिजलाय आणि तुम्हाला ते माहीत आहे. किती वर्षं काढलीत?

पप्पांचे कान लाल झाले. ते म्हणाले, अडतीस.

तिने विचारलं, किचनमध्ये की बाहेर. पप्पा म्हणाले, बाहेर. ती म्हणाली, वाटलंच, बाहेर काम केलेले लोक गिऱ्हाईक म्हणून सगळ्यात वाईट. हे ती रागाने बोलली नाही. तिने विचारलं, की हॉटेल कुठलं, किती टेबलं, हाताखाली किती जण. पप्पांनी सांगितलं. बोलता बोलता त्यांची पाठ सरळ झाली. शेठच्या सुपाची गोष्टही त्यांनी तिला सांगितली, माझ्या कम्युनियनचा भाग वगळून. ती म्हणाली, शंभर आकडे फार झाले, ती साठच मोजते.

एवढं होईपर्यंत आई शांतपणे जेवत होती. तिला इंग्रजी समजतं, बोलत नाही. आता तिने काटा खाली ठेवला आणि मला म्हणाली, "हिला सांग, या माणसाने घरात बेचाळीस वर्षांत एकदाही काही परत पाठवलं नाही. चांगलं झालंय असंही म्हणाला नाही."

मी सांगितलं. स्वयंपाकीणबाई आईकडे वळल्या.

आई पुढे बोलत राहिली, मी भाषांतर करत राहिले, आणि हे मीही पहिल्यांदाच ऐकत होते. आई म्हणाली, लग्नानंतर पहिली काही वर्षं ती वाट बघायची. मोठ्या हॉटेलातला माणूस, रोज तिथे भारी भारी जेवण बघून येतो, आपल्या कालवणाबद्दल काय म्हणेल. तो काही म्हणायचा नाही. ताटात पडेल ते खायचा, उठायचा, झोपायचा. मग ती मुद्दाम कधीतरी मीठ घालायची नाही. नुसतं बघायला. तो तसंच खायचा. एकदा तर कोळंबीच्या कालवणात चिंचही नव्हती आणि मीठही नव्हतं, तेही त्याने संपवलं. तेव्हा तिने ठरवलं, की या माणसाला चव नाही.

माझ्या मुलीने दोन्ही हेडफोन काढून ठेवले होते.

"मला कळायचं," पप्पा म्हणाले. मराठीत, आईकडे न बघता.

"मग बोलला का नाही?" आईने विचारलं.

"दिवसभर तेच ऐकून यायचो. हे परत ने, ते परत ने. वाटायचं, घरात तरी कोणी कोणाला काही परत पाठवू नये."

मी याचं भाषांतर केलं नाही. स्वयंपाकीणबाईंनीही मागितलं नाही. मला वाटलं, आता आईचे डोळे भरून येतील, तिला एवढ्या वर्षांच्या मुकेपणाचा अर्थ कळेल, वगैरे. परदेशात राहून माणूस असल्या आशा करायला लागतो. आईने पदर सावरला, पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाली, "तुम्हाला वाटायचं. मला नको होतं सांगायला?"

पप्पा "हो" म्हणाले, आणि मग त्यांनी आपली प्लेट पुढे ओढली आणि मासा खायला सुरुवात केली. स्वयंपाकीणबाई उठल्या. तो थंड झाला असेल, दुसरा आणते म्हणाल्या. पप्पांनी हाताने नको म्हटलं. त्यांनी सगळा मासा खाल्ला, साल आणि बटाट्यासकट, आणि काटा-सुरी प्लेटीत सरळ ठेवली. निघताना त्या बाईंनी आईला किचन दाखवायला आत नेलं. दहा मिनिटांनी दोघी बाहेर आल्या तेव्हा आईच्या हातात कागदात गुंडाळलेली कसलीतरी पानं होती. आई इंग्रजी बोलत नसताना आणि बाईंना मराठी कळत नसताना दोघी काय बोलल्या, हे आईने आजवर सांगितलेलं नाही. नवरा म्हणाला, वेळापत्रकात आता चायनीज म्युझियम आहे. आम्ही सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि तो गाडी आणायला गेला.

यानंतर आमच्या घरी सगळं छान झालं, असं मला लिहायला आवडलं असतं. पप्पा बोलायला लागले. सोमवारी त्यांनी सांगितलं, भात अर्धा मिनिट जास्त झालाय. मंगळवारी, वरण पातळ आहे पण हिंग चांगला लागलाय. बुधवारी त्यांनी आईच्या फिश करीवर एवढं सविस्तर मत दिलं, की माझी मुलगी म्हणाली, नाना, यू शुड हॅव अ चॅनल. बेचाळीस वर्षांचं साठलेलं होतं, ते तीन दिवसांत थोडंच संपणार. गुरुवारी आई किचनमध्ये गेलीच नाही. सोफ्यावर बसून तिने जाहीर केलं, की ज्याला चव कळते त्याने करावं.

अडतीस वर्षं हजारो ताटं वाहून नेलेल्या माणसाला अंडं उकडता येत नव्हतं. पहिल्या गुरुवारी घरातला स्मोक अलार्म वाजला आणि समोरच्या घरचे ग्रीक आजोबा चप्पल न घालता धावत आले. दुसऱ्या गुरुवारी भेंडी जमली. आईने चाखली आणि म्हणाली, तेल जास्त. पप्पा ती परत घेऊन गेले.

ते वसईला जाऊन आता वर्ष होत आलं. गुरुवारचा स्वयंपाक अजून पप्पांकडेच आहे. आई फोनवर सांगते, की त्या दिवशी आजूबाजूच्या बायका विळी मागायला, कोथिंबीर द्यायला, असं काही ना काही निमित्त काढून येतात आणि दारात उभ्या राहून बघतात. पप्पा त्यांच्याकडे लक्ष देत नाहीत. गेल्या आठवड्यात त्यांनी अळूवड्या केल्या. आई म्हणाली, सुटल्या होत्या, पण चव बरी होती. मी विचारलं, तू त्यांना सांगितलंस का. ती म्हणाली, सुटल्याचं सांगितलं.